साक्षीचा शनिवार

मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकून नलू दुकानाची पायरी उतरत होती, तेवढ्यात एका अनोळखी बाईनं पुढे होऊन तिच्या गळ्याला हात लावला. दोन बोटं, बरोबर घाटीवर. मग तीच बोटं त्या बाईनं शेजारी उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या कपाळाला टेकवली आणि डोळे मिटले. भर दुपारी, पनवेलच्या बाजारात, हातगाड्या आणि रिक्षांच्या गर्दीत. नलूनं दचकून पदर गळ्याभोवती ओढून घेतला. फादरच्या वाडीवर, प्रार्थनेच्या घरात, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं, तिथे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, तिनं देवाच्या कृपेची साक्ष सांगितली की, रांग लावून लोक तिच्या गळ्याला हात लावत आणि तोच हात आपल्या दुखऱ्या जागी नेत. पण वाडी वाडीच्या जागी. पनवेलात ती कोण होती? कामोठ्याच्या सोसायटीतल्या हिरामण ठाकुराची बायको, पाण्याच्या टँकरवरून वॉचमनशी हुज्जत घालणारी. इथे तिचा गळा तिचा स्वतःचा होता, निदान आजपर्यंत होता. "वळखलं न्हाय ना मावशी? मी नूतन, माणगावच्या आतल्या गावची. गेल्या साक्षीला वाडीवर आलेले," बाई भरभरून बोलत होती. "तुम्ही सांगितलंत ना, अगदी तसंच केलं बघा. हिच्या फिटीच्या गोळ्या नेल्या नि नदीत सोडल्या. डाक्टर म्हनलेला, तीन वर्सं एक दिस चुकवायचा न्हाय. पन तुमच्या तोंडून आयकलं नि भ्याच गेलं माझं. अठरा दिस झाले. एकच फीट आली, तीबी बारकी. अमिषा, जीभ दाखव गो मावशीला." पोरीनं निमूट जीभ बाहेर काढली. डाव्या कडेला दातांची निळसर खूण होती.

नलूनं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. अगो बाई, धाव, समोर मेडिकलचं दुकान आहे, घे त्या गोळ्या. तिनं तोंड उघडलंही. आणि तोंडातून काय आलं, तर इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप येणारं वाक्य आलं, "प्रभू बघील." नूतनचा चेहरा उजळला. "शनिवारी येतो आम्ही वाडीवर, पंचवीस वर्सांचा सोहळा हाय ना," म्हणत ती पोरीला घेऊन गर्दीत शिरलीसुद्धा. नलू भानावर येऊन मागे धावली, स्टँडपर्यंत गेली, माणगावची गाडी नुकतीच सुटली होती. फोन नंबर नाही, आडनाव नाही, गावाचं नाव नाही. मंगळवार होता. शनिवारला चार दिवस होते, आणि फीट काही वार बघून येत नाही.

घरी येऊन ती ओट्याशी उभी राहिली. गळ्यावर ती दोन बोटं अजून होती. पाण्यानं धुतला, पदरानं खसखसून पुसला, तरी होतीच. आपल्या गळ्याला कुणी हात लावला की आपल्या आतलं काहीतरी आखडतं, कुणी दार लोटलं की आतून पाठ टेकवून उभं राहावं तसं, हे तिला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. लोकांना वाटे, बाई प्रार्थनेत गेली. ती प्रार्थनेत नसायची, ती मिठागराच्या बांधावर असायची. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली खारट चिखल, आणि समोर दूरवर, जिथे खाडीचं पाणी आत घ्यायची लाकडी दारं होती, त्या उघाडीकडे केसर धावत चाललेली. तिची चार वर्षांची लेक. खेकड्याच्या मागे. लाल झबलं. नलूला सगळं दिसत होतं, अंतरही काही फार नव्हतं, एक हाक मारली असती तर पोर थांबली असती, आईच्या हाकेला केसर नेहमी थांबे. नलूनं तोंड उघडलं. उघडलंच फक्त. हवा बाहेर आली, आवाज आला नाही. का आला नाही, याचं उत्तर तिनं पंचवीस वर्षं शोधलं. मानेवर पाटीचं ओझं होतं म्हणून, की सकाळपासून नणंदेशी अबोला धरून तोंड मिटून घेतलं होतं म्हणून, की भीतीनं दातखीळ बसली म्हणून. कुठलंच उत्तर पुरत नाही. उघाडीच्या दारापाशी पाणी गरगरत होतं, लाल झबलं त्यात एकदा दिसलं, दुसऱ्यांदा दिसलं नाही. त्यानंतर आठ महिने नलू बोलली नाही. बोलत नाही म्हणून सासरचे म्हणाले बाधा आहे, हिरामण ट्रक घेऊन गुजरातकडे गेला तो लवकर परतेना, आणि शेवटी तिची आई ठमाबाई तिला न्यायला आली.

ठमाबाई तेव्हा कोर्लईच्या एका फादरकडे स्वयंपाकाला होती. फादर इनास. हाडकुळा माणूस, पायात कायम रबरी चपला, दाढीत सदैव सुपारीच्या सालीचा भुसा. दिवेआगरच्या पुढे कुणीतरी मरताना देवळाला, म्हणजे त्यांच्या चर्चला, एक सुपारीची वाडी ठेवली होती. तिच्यात विहीर होती, नारळ होते आणि सुपारी सोलायची एक जुनी वखार होती. त्या वखारीत फादरनं चटया टाकल्या, भिंतीला एक क्रूस ठोकला आणि प्रार्थनेचं घर सुरू केलं. पहिल्या खेपेला अकरा माणसं आली. त्यातली चार फादरच्याच नात्यातली, दोन वाट चुकलेली. शुक्रवार ते रविवार, कुणी कुणाशी बोलायचं नाही, फक्त बसायचं, ऐकायचं, गायचं. नलूला ती जागा पहिल्याच दिवशी आवडली. सगळे मुके होते. तिथे कुणी तिच्याकडे वळून पाहत नव्हतं. ठमाबाई मात्र भाकऱ्या थापता थापता रडवेली होऊन म्हणे, "बोल गो बाय, येक सबूद तरी बोल. मना शिवी दे, पन बोल." नलू चुलीत लाकूड सारायची आणि गप्प राहायची. गप्प राहण्यात एक आसरा होता. जोवर ती गप्प होती, तोवर हाक का मारली नाहीस असं तिला कुणी विचारू शकत नव्हतं.

आणि मग त्या पहिल्याच खेपेच्या शुक्रवारची संध्याकाळ. सगळे आत गाणी म्हणत होते. वखारीच्या मागे दोरीवर बोंबील वाळत घातले होते, रविवारच्या कालवणासाठी. नलू विहिरीवरून घागर घेऊन आली तर एक पिवळा कुत्रा मागच्या पायांवर उभा राहून दोरी ओढतोय, निम्मे बोंबील मातीत. आणि तिच्या तोंडून, छातीच्या पार तळातून, अशी काही शिवी बाहेर पडली की कुत्रा सगळं टाकून कुंपणापार झाला. गावठी, रांगडी, बापाच्या तोंडची शिवी. आवाज मोठा होता, खणखणीत होता, आठ महिने पडून राहूनही त्याला गंज चढला नव्हता. घागर तिच्या हातून सुटली. ती चिखलात मटकन बसली. तिला आनंद झाला नाही. तिला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. पोटच्या पोरीसाठी जो आवाज निघाला नाही, तो चार बोंबलांसाठी निघाला. देवानं आवाज दिला असता तर तिनं पाया पडून घेतला असता, पण हा आवाज कुणी दिला नव्हता, तो तिच्याजवळच होता, सगळा वेळ तिच्याजवळच होता. हे ती आईला कोणत्या तोंडानं सांगणार होती? हिरामणला काय सांगणार होती? तिनं बोंबील गोळा केले, धुतले, पुन्हा दोरीवर टाकले आणि तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, फादर एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत वखारीभर फिरले. चहाची किटली घेऊन दाराशी बसलेल्या नलूच्याही डोक्यावर त्यांनी हात ठेवला. हाताला मेणबत्तीचा वास होता. नलूला वाटलं, आता. आता बोलले तर हा आवाज या हाताचा होईल, कुत्र्याचा राहणार नाही. तिनं डोळे मिटले आणि अकरा माणसं सकाळपासून म्हणत होती तेच नाव घेतलं, "येशू." ठमाबाईनं किंकाळी फोडली. कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी नलूचे पाय धरले, एका म्हाताऱ्या बाईनं रडत रडत तिच्या गळ्याला हात लावला आणि तो हात आपल्या दम्याच्या छातीवर फिरवला. रांगेची सुरुवात ती. नलूला तेव्हा वाटलं होतं, एका दिवसाची गोष्ट आहे, उद्या लोक आपापल्या घरी जातील.

लोक घरी गेले आणि त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात साठ आले. वर्षाच्या आत वखारीपुढे पत्र्याची शेड आली, मग शेडच्या जागी हॉल आला, बायकांसाठी वेगळी निवासाची इमारत आली, माणगाव स्टेशनवरून आणायला दोन बस आल्या. पाटी लागली, नववाणी प्रार्थनाधाम. नाव नलूच्या वाणीवरून ठेवलेलं, तिच्याच हातून फीत कापून. गावातले लोक साधं 'फादरची वाडी' म्हणत. हिरामण परत आला, बायको देवाची झालेली पाहून त्यानं दारू सोडली. मुलगा झाला, प्रणय. कामोठ्याला घर झालं. नलूचा बाप्तिस्मा झाला नाही. फादरनं कधी विषय काढला नाही, आणि लोकांना ते जास्तच पटे, बघा, हिंदू बाईवरही प्रभूनं कृपा केली. महिन्यातून एकदा ती ओटीचा नारळ घरच्या देवीला ठेवून वाडीची बस पकडायची, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. दोन हजार वीसच्या वादळात हॉलचं छप्पर उडालं, सुपाऱ्या आडव्या झाल्या, निवासाच्या खिडक्या समुद्रापर्यंत सापडल्या. नलू त्या दिवशी टीव्हीसमोर बसून रडली. शेजारच्या बायकांना वाटलं दुःखानं. तिच्या मनात आलं होतं, सुटले. पण लोकांनी दुप्पट देणग्या दिल्या आणि दीड वर्षात पूर्वीपेक्षा मोठा हॉल उभा राहिला, बाराशे खुर्च्यांचा, साक्षीसाठी उंच मंच असलेला.

गोळ्यांची गोष्ट तिची स्वतःची होती, हे तिला कुणावर ढकलताही येत नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या उकाड्यात, पुढच्या रांगेतले लोक डुलक्या घेत होते. तीच तीच साक्ष सांगून नलू स्वतःही कंटाळली होती. तेवढ्यात तिच्या तोंडून गेलं, "आणि मग मी डाक्टरच्या सगळ्या गोळ्या नेऊन समुद्रात टाकल्या." डुलक्या थांबल्या. टाळ्या झाल्या. खरं म्हणजे तिला गोळ्या कधी दिल्याच नव्हत्या, पेणच्या वैद्याची एक पांढरी पूड होती तेवढी, तीही ठमाबाईनं मधातून चाटवलेली. पण टाळ्या झाल्या म्हटल्यावर पुढच्या महिन्यात ते वाक्य पुन्हा आलं, मग ते साक्षीतच राहून गेलं. हॉलच्या दाराशी फादरनं पाटी लावलेली होती, डॉक्टरांची औषधं कुणीही बंद करू नयेत. नलूनं ती पाटी शेकडो वेळा वाचली होती. लोक मात्र तिच्याखाली चपला काढून आत यायचे.

फादर इनासना तिनं एकदा सांगायचा प्रयत्न केला. ते अंथरुणाला खिळले होते, कोर्लईला बहिणीकडे. नलू मोसंबी घेऊन गेली. "फादर, मना तुमाला येक सांगायचं हाय. त्या वेळचं." फादरनी तिला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "नलू, त्या शुक्रवारी मी आत गात नव्हतो. मागच्या बाजूला सुपाऱ्या वेचत होतो." इतकी वर्षं ज्याच्यापासून लपवलं, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "मंग बोलला का न्हाय?" तिनं विचारलं. "तू आवाज लपवलास, तेव्हा मला वाटलं, तुला लपवायचं कारण असेल. दुसऱ्या दिवशी तू नाव घेतलंस, तेव्हा मला वाटलं, आता हिला जगायला कारण मिळालं. मग माणसं येऊ लागली. माणसं रडून मोकळी होऊन जायला लागली, नलू. मी काय करायला हवं होतं?" त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं. पुढच्या महिन्यात ते वारले. आता ही गोष्ट माहीत असलेली ती एकटीच उरली.

हिरामणला तिनं बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं, कुत्र्यापासून गोळ्यांपर्यंत. तो टोमॅटो चिरत होता. चिरून झाल्यावर सुरी धुवून ठेवून म्हणाला, "मंग? आवाज आला ना तुजा? कुनामुळं आला त्याचं काय करायचं हाय?" "पोर मरंल ती, हिरामण." "तं सांग जा तिच्या आयला, गोळ्या दे म्हनून. बाकीचं कशाला उकरतेस? लोक आपल्याला दारात उभं करनार न्हाय." हिरामण वाईट माणूस नव्हता. त्यानंही या गोष्टीवर आपलं घर बांधलं होतं, आणि पाया उकरायला कोण तयार होईल? गुरुवारी नलूनं वाडीवर फोन केला, माणगावकडच्या नूतन नावाच्या बाईचा नंबर आहे का म्हणून. तिथल्या सिस्टरनी वही पाहिली. नूतन नावाच्या सात बाया होत्या, नलूनं चौघींना फोन लावला, त्यांतली कुणीच ती नव्हती, तिघींचे फोन लागले नाहीत. शुक्रवारी ती जेवली नाही. दर थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांपुढे ती निळी खूण येत होती, आणि तिच्या जिभेलाच कळ यायची.

शनिवारी हॉल ओसंडून वाहत होता. बाहेर मांडव घातला होता, मोठा पडदा लावला होता. नवीन संचालक फादर डॉमनिक, तरुण, उत्साही, सगळ्यांना 'ताई-दादा' म्हणणारे, तिला हात धरून मंचावर घेऊन आले. समोर बाराशे चेहरे, आणि तिसऱ्या रांगेत नूतन, मांडीवर अमिषाचं डोकं. पोर पेंगत होती. नलूनं माइक हातात घेतला. नेहमीचं वाक्य ओठांवर आलंच होतं, तिनं ते गिळलं. "मी आज खरं सांगनार हाय," ती म्हणाली, आणि तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. बांधावरून केसर दिसत होती हे सांगितलं, हाक निघाली नाही हे सांगितलं, कुत्रा, बोंबील, शिवी, सगळं. शिवी जशीच्या तशी उच्चारली, तेव्हा हॉलमधून एक दबका आवाज उठला. "माजा आवाज शुक्रवारीच आलेला. प्रार्थनेनं न्हाय आला. नि गोळ्या मी कंदी टाकल्या न्हाय, मना गोळ्या नव्हत्याच. ती लबाडी माजी हाय. ज्यांनी ज्यांनी माजं आयकून औषीद बंद केलं, त्यांनी आज, आताच, जाऊन घ्या." छातीवरचा धोंडा उतरत चालला होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला. आता दगड येवोत, शिव्या येवोत, बसमध्ये कुणी बसू न देवो. ती तयार होती.

मग मागून कुठूनतरी एक बाई हुंदका देऊन ओरडली, "प्रभूची स्तुती असो!" आणि टाळ्या सुरू झाल्या. एक रांग उठली, दुसरी उठली, बाहेरच्या मांडवातूनही टाळ्या ऐकू येऊ लागल्या. फादर डॉमनिकच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माइक घेतला. "ताई-दादांनो, आपल्या पापाची कबुली द्यायला केवढं धैर्य लागतं! पंचवीस वर्षांनी प्रभूनं या बहिणीची जीभ दुसऱ्यांदा मोकळी केली. आणि विचार करा, तो पहिल्यांदा कुठे आला? बोंबलांच्या दोरीपाशी! एका शिवीतसुद्धा तो आला!" गायकांनी गाणं धरलं. "औषधं कुणी बंद करू नका," असंही फादर म्हणाले, दोनदा म्हणाले, पण ते ढोलकीत बुडालं. नलू 'न्हाय, न्हाय' म्हणत होती, माइक तिच्या हातात नव्हता. तिला खाली आणलं, खुर्चीवर बसवलं, आणि रांग लागली. इतकी लांब रांग तिनं कधी पाहिली नव्हती. गळ्याला बोटं लागू लागली, थंड बोटं, घामट बोटं, मेंदी लावलेली, बांगड्यांची. एक म्हातारा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "माजी नातबी अशीच गेली, पोरी. तू बोललीस, मना मोकळं वाटलं." त्याचा आवाज खरा होता. नलूला त्याचा राग येईना, म्हणून ती आणखीच गुदमरली.

नूतनची पाळी आली. नलूनं तिचं मनगट गच्च धरलं. "आयकलंस ना, नूतन? मी खोटं बोललेले. पोरीला गोळ्या चालू कर. श्रीवर्धनला मेडिकल हाय, आता जा." नूतन हसली. भाबडं, ओलं, सगळं समजून चुकल्यासारखं हसू. "मना ठाव हाय मावशी. तुम्ही माजी परीक्षा बघताय. अठराचे बावीस दिस झालेत, आता मी डगमगायची न्हाय. दुसरे डगमगतील, मी न्हाय." "परीक्षा न्हाय गो! खरं सांगतंय, मी लबाड बाई हाय!" "तुमची नम्रता हाय ती," नूतन म्हणाली आणि पोरीला पुढे केलं. अमिषा झोपेतून उठल्यासारखी उभी होती. तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप, बारीक बारीक, फ्रॉकची कड कुरतडत होती. नूतनला ते दिसत नव्हतं, तिचे डोळे नलूच्या गळ्यावर होते. नलूला कळलं की या बाईशी माणूस म्हणून बोलून काही होणार नाही. तिला ऐकू येईल असा एकच आवाज आहे. तिनं नूतनचं मनगट सोडलं, ताठ बसली, डोळे मिटले आणि पंचवीस वर्षांत शिकलेल्या त्या संथ, भरदार स्वरात म्हणाली, "व्हय. परीक्षाच होती. तू पास झालीस, बाय. आता प्रभू सांगतोय. पोरीला गोळ्या दे. डाक्टर सांगंल तेवढ्या, सांगंल तितकी वर्सं. येक दिस चुकवलास तं त्याची आज्ञा मोडलीस."

"व्हय मावशी," नूतन म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं थरथरत होता. "आताच जाते. आताच." तिनं पोरीला कडेवर उचललं, एवढी मोठी पोर, आणि खुर्च्यांमधून वाट काढत दाराकडे जवळजवळ धावत सुटली. नलू त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. पोर वाचली, तिनं स्वतःला सांगितलं, पोर वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. रांगेत नूतनच्या मागे उभ्या असलेल्या बाईनं हे सगळं ऐकलं होतं. तिनं गळ्याला हात लावला नाही. ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली, मागच्या चौघी-पाचजणीही बसल्या, आणि ती हळूच, आशेनं म्हणाली, "आणि मावशी, माझ्यासाठी काय सांगतोय तो?"